दगडावरचा दुसरा चेहरा

लीड्स, ४ मार्च २०२४

मधे,

आशीर्वाद आहेतच, पण त्यांच्याबरोबर थोडा रागही पाठवतो आहे. स्टोयान जाऊन सहा आठवडे झाले. बाईमाणूस नवऱ्यामागे परमुलखात जाते हे मी समजू शकतो. पण नवरा गेल्यावर त्र्याहत्तराव्या वर्षी बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर एकटीने राहायचं, याला काय म्हणायचं? सोफियात आता तुझं कोण आहे?

माझी तक्रार स्टोयानबद्दल कधीच नव्हती. तू इथल्या हॉस्पिटलात नर्स, तो एक्स-रे काढणारा. पंचावन्नाव्या वर्षी लग्न करते आहेस म्हणालीस तेव्हा सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, पण मी आलो, जेवलो, आहेर केला. रिटायर झाल्यावर त्याच्या गावी जातो म्हणालात, तेव्हाही एअरपोर्टवर सोडायला मीच होतो. माणूस भला होता. बुद्धिबळात मला हरवून वर माझीच समजूत घालायचा. त्याच्या अंत्यविधीला मी येऊ शकलो नाही याचं वाईट वाटतं. पाय साथ देत नाहीत.

मनीषा गेल्यापासून वरची खोली रिकामीच आहे. शेजारच्या निवेदिताने पडदे धुऊन दिलेत. हीटर चालतो. तू ये. आपल्या पाच भावंडांत आता दोघंच उरलोय, तीही दोन देशांत, म्हणजे कमालच झाली.

फोन करू नकोस. फोनवर मला आता नुसती घरघर ऐकू येते. हिअरिंग एड ड्रॉवरमध्ये आहे, तिथे त्याला चांगलं ऐकू येत असेल. आमचा प्रणव म्हणतो, बाबा, ईमेल करा. टाइप करायला बसलो की एक बोट पुढे जातं आणि मराठी मागे राहते. तेव्हा पत्रच लिही.

सध्या बूट फार आवळतात. दुकानदाराने लहान माप गळ्यात मारलेलं दिसतं. बाकी ठीक.

तुझा,
दादा


सोफिया, २३ मार्च २०२४

दादा,

नमस्कार. वाकता येत नाही, मनातून केला आहे.

इथे माझं कोण आहे असं विचारलंस. सांगते.

सकाळी मी पाण्याला जाते. हसू नकोस. शहराच्या मधोमध जमिनीतून गरम पाणी येतं, त्याला नळ लावलेत, आणि म्हातारीकोतारी माणसं पाच-पाच लिटरच्या बाटल्या घेऊन उभी असतात. स्टोयानची चाकांची पिशवी मी ओढत नेते. तिथे मला सगळे ओळखतात. एक आजोबा रोज माझी बाटली भरून देतात आणि रोज विचारतात, भारतात असं पाणी आहे का? मी रोज सांगते, आहे, वज्रेश्वरीला. नळापासून चार पावलांवर मशीद, तिच्या पलीकडे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, इकडे चर्च. रस्त्याखाली मेट्रोच्या स्टेशनातच रोमन लोकांच्या भिंती निघाल्यात. लोक त्यांच्या बाजूने पाव खात ऑफिसला जातात.

मग बायकांचा बाजार. खरंच त्याचं नाव तेच आहे. तिथे मिरच्या, दही, मध. दही असं लागतं की आपल्या आईचं विरजण आठवावं. बाजरीचं आंबवलेलं एक पेय मिळतं, त्याला बोझा म्हणतात. स्टोयानला वाटायचं मला ते आवडणार नाही. पहिला घोट घेतला आणि मी म्हणाले, अरे, ही तर आंबील! तेव्हापासून तो सगळ्यांना सांगत सुटला की माझ्या बायकोच्या गावातही बोझा करतात.

काही दुकानं तळघरात आहेत. त्यांची खिडकी फुटपाथला टेकलेली, म्हणजे गिऱ्हाइकाने उकिडवं बसून काडेपेटी मागायची. माझे गुडघे बघून तिथली पोरगी आता स्वतःच वर हात काढून देते.

चाळीस दिवसांचा विधी झाला. इथे उकडलेले गहू, साखर आणि अक्रोड घालून वाटतात. रस्त्यात भेटेल त्यालाही द्यायचे. मी मोठं पातेलंभर केले होते. मार्चमध्ये इथे सगळे मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात आणि झाडाला पहिला मोहोर दिसेपर्यंत काढत नाहीत. सुतकात कशाला म्हणून मी नको म्हणत होते, पण खालच्या मजल्यावरच्या बाईने हात धरून बांधलाच.

रात्री मात्र घर खायला उठतं. ते खोटं सांगणार नाही. पण सहा महिन्यांचा विधी व्हायचा आहे. तोवर मला काही विचारू नकोस.

बूट बदलून घे. पावती ठेवली असशीलच.

मधू


लीड्स, ११ एप्रिल २०२४

मधे,

पत्र निवेदिताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, काका, आपण सोफियाला जाऊ या का? मी म्हटलं, मधू इकडे येणार आहे, उलटी गंगा कशाला?

सहा महिने म्हणजे जुलै. ठरलं तर मग. जुलैत तू ये. तुझ्या शहराच्या चिन्हावर ‘वाढतं, पण म्हातारं होत नाही’ असं लिहिलंय, हे स्टोयाननेच मला सांगितलं होतं. शहराचं ठीक आहे. आपलं तसं नाही ना गं.

तू आलीस की काय करायचं ते मी ठरवून ठेवलंय. सकाळी चहा तू करायचा, कारण माझा तुला आवडत नाही. दुपारी राउंडहे पार्कमध्ये बाकावर बसायचं. बसने जाऊ, पास आहे. रविवारी मंदिरात. मंदिरातला प्रसाद हल्ली फार गोड करतात, तू कोणाला तरी बोल. मी बोललो तर म्हातारा कुरकुरतो म्हणतात.

मी हल्ली खालीच खुर्चीत झोपतो. टीव्ही बघता बघता डोळा लागतो, मग कोण जिने चढणार. सवय झाली आहे. तुला वरची खोली पूर्ण मिळेल.

जूनमध्ये प्रणव कामासाठी तीन दिवस सोफियाला येतोय. त्याच्या केंब्रिजच्या कंपनीची कसली तरी परिषद आहे. त्याच्याकडे लसणीची चटणी देतो.

दादा


सोफिया, २५ मे २०२४

दादा,

काल इथे अक्षरांचा सण होता. म्हणजे त्यांच्या बाराखडीचा वाढदिवस म्हण. शाळांना सुट्टी, मुलांच्या हातात फुलं, रस्त्यात बँड. थोरामोठ्यांच्या लढाईचा सण मी पाहिला आहे, पण अ-आ-ई साठी वाजतगाजत निघालेली माणसं मी इथेच पाहिली. पिवळ्या विटांच्या रस्त्यावरून सगळे चालले होते. तो रस्ता फार देखणा आहे. पावसात मात्र घसरडा होतो, तू असतास तर तू नोकरीला होतास त्या कौन्सिलच्या रस्तेखात्यातली चार नावं घेऊन इथल्या लोकांना झापलं असतंस.

नंतर मी थिएटरसमोरच्या बागेत गेले. स्टोयान तिथेच बुद्धिबळ खेळायचा. त्याचे तिघे मित्र अजून येतात. मला बघून त्यांनी डाव थांबवला, उभे राहिले, आणि मग एकाने मला स्टोयानच्या जागी बसवलं. मला घोडा कसा चालतो एवढंच येतं. दहा मिनिटांत हरले. कोणी हसलं नाही.

कबरीवर दगड बसवून झाला. चांगला झालाय. काळा, गुळगुळीत.

हो, जुलैत येते. सामान काढायला घेतलं आहे. पुस्तकं खूप आहेत, कोणाला द्यायची ते बघते. वरच्या खोलीतलं कपाट रिकामं कर, मनीषावहिनींच्या साड्या अजून तिथेच असतील.

चटणी दोन डबे पाठव.

मधू


लीड्स, १९ जून २०२४

मधे,

हे पत्र कोण वाचणार आहे मला माहीत नाही. तरी लिहितो. दुसरं काय करू?

आज अकरा वाजता प्रणवने फोनवर एक फोटो पाठवला. काळा दगड. त्यावर स्टोयानचा चेहरा कोरलेला, आणि त्याच्या शेजारी तुझा. तुझं कुंकू, तुझा अंबाडा, तो तुझा गालावरचा तीळसुद्धा. खाली त्यांच्या लिपीत काहीतरी. तुझं जन्मसाल तेवढं मला वाचता आलं, त्यापुढे माझे डोळे चालले नाहीत. प्रणवने खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. लिहिणार तरी काय. मी त्याला फोन लावला, बंद. तुझ्या घरी लावला. कोणीतरी उचलला, काही बोललं, मला घरघर ऐकू आली. इतक्या वेळा ‘हॅलो’ म्हणालो की निवेदिता धावत आली. तिला मी काहीच सांगितलं नाही.

मग आंघोळ केली. देवापुढचा दिवा लावला नाही. तुझ्यासाठी म्हणून एक वेगळा लावला आहे, दक्षिणेकडे तोंड करून.

सगळ्यांनी मिळून माझ्यापासून लपवलं. माझ्या काळजीपोटीच लपवलं असणार, म्हणून रागावताही येत नाही. आता लपवाछपवीत काय उरलं आहे, म्हणून मीही सांगून टाकतो. मधे, माझं हृदय थकलं आहे. फेब्रुवारीतच डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले. पाय सुजतात, आडवं झालं की श्वास कोंडतो. बुटांचं माप बरोबर होतं.

तू एकटी पडशील म्हणून मी तुला बोलवत होतो असं लिहीत राहिलो. ते खोटं होतं. मला भीती वाटत होती. घरात कोणी नसताना मरायची भीती वाटते. प्रणवला त्याचं काम आहे, आणि पोराला बापाचं हे बघायला लावू नये. तू असतीस तर तुला लाज वाटली नसती, मलाही नसती वाटली. लहानपणी टायफॉइड झाला तेव्हा तू सात वर्षांची होतीस, आणि माझ्या उशाशी बसून मला वारा घालायचीस. मला परत तेच हवं होतं गं. बाकी काही नाही.

तू आधी गेलीस. धाकटी ना तू? काय ही घाई.

दादा


सोफिया, २ जुलै २०२४

दादा,

मी जिवंत आहे. हे तुला प्रणवने दुसऱ्याच दिवशी घरी येऊन मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, हे मला माहीत आहे. त्याचा फोन विमानात बंद होता. तुझा फोन मीच उचलला होता, तुला ऐकू येईना म्हणून मीच त्याला तुझ्याकडे पिटाळलं. ‘ते पत्र आलं तर न वाचता फाडून टाक’ असा निरोपही तू त्याच्याकडून पाठवलास. मी फाडलं नाही. स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं, मग बसून वाचलं.

आधी त्या दगडाचं सांगते. इथे नवराबायकोचा दगड एकच करतात. एक जण गेला की दुसऱ्याचाही चेहरा, नाव, जन्मसाल कोरून घेतात. मरणाचं साल कोरं ठेवतात. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. रविवारी बायका जातात, नवऱ्याच्या चेहऱ्याबरोबर स्वतःचाही चेहरा पुसतात, आणि घरी येऊन सूप करतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. पण स्टोयान गेल्यावर पाथरवटाने विचारलं, आणि मी हो म्हणाले. फोटो मीच दिला. प्रणवला तिथे मीच घेऊन गेले होते. तो फोटो काढत होता तेव्हा मी त्याच्या मागे उभी होते.

तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, आपल्यात कोणी दगडात राहत नाही. मला जाळतील रे, राख तिथे ठेवतील. एवढं मी विचारून घेतलं आहे.

आता माझंही खोटं ऐक. मी सामान काढलेलं नव्हतं. एक पुस्तक हलवलेलं नव्हतं. जुलै आला की गुडघ्याचं कारण सांगायचं असं ठरवलं होतं. मला इथेच राहायचं होतं.

आपल्या गावात कावळा कोणाच्या डोक्याला शिवला की लांबच्या नातेवाइकाला ‘माणूस गेला’ अशी खोटी तार करायचे, आठवतं? तो तिकडे रडला की इकडचं संकट टळलं. तू माझ्यासाठी रडलास, म्हणजे माझं आयुष्य वाढलं. पण तुझ्यासाठी कोणी खोटं रडलं नाही दादा. मी वाचलं ते खरंच होतं, आणि मी खरंच रडले.

सुजलेले पाय, खुर्चीतली झोप. तीस वर्षं वॉर्डात हेच बघितलं मी, आणि तुझ्या पत्रात ते मला दिसलं नाही. माझ्याच दुःखात होते.

बारा तारखेचं विमान आहे. सहा महिन्यांचा विधी त्याआधीच उरकते. प्रणव घ्यायला येतोय. मीठ बंद कर. लोणच्याची बरणी निवेदिताकडे देऊन टाक, मी येऊन तपासणार आहे. उशा तीन लावून झोप. घरात तू एकटा असणार नाहीस, हे मी तुला लिहून देते. त्यानंतरचं मात्र आत्ता माझ्याकडून वदवून घेऊ नकोस.

मधू


केंब्रिज, १२ जानेवारी २०२५

डिअर आत्या,

मी मराठीत लिहतोय कारण बाबांना आवडला असता. चूक असेल तर सॉरी.

तू का गेली? फ्युनरलच्या नंतर मला वाटला तू राहणार. मी कामाला आलो आणि विकेंडला लीड्सला गेलो तर निवेदिता मावशी म्हणाली तू एअरपोर्टला गेली. तू नीट बाय पण नाही केला. मला राग आला, खोटं नाही बोलत. घर मी विकणार नाही. ते तुझा पण घर आहे. तू तिकडे एकटी आहेस आणि इकडे मी एकटा आहे, हे मला समजत नाही.

आणि एक विचारायचा आहे. बाबा शेवटी काय बोलले? मी ट्रेनमध्ये होतो. तू मला फक्त म्हणाली, शांत गेले. मला अजून पाहिजे.

प्रणव


सोफिया, २ फेब्रुवारी २०२५

बाळा प्रणव,

तुझं पत्र मिळालं. मी न भेटता निघाले, ते चुकीचं झालं. तू समोर आला असतास तर मला जाता आलं नसतं.

तुझ्या बाबांचे शेवटचे चार महिने तू शनिवार-रविवारी पाहिलेस. मधल्या दिवसांचं सांगते. दुपारी औषधं झाली की तो म्हणायचा, ‘चल, आज कुठे?’ मग मी त्याला सोफियात फिरवायची. तो खुर्चीत, डोळे मिटून. मी कानाशी तोंड नेऊन सांगायची. आज पाच नंबरची ट्राम, आज मोठ्या चर्चचे सोनेरी घुमट, आज डोंगरावर. व्हितोशा नावाचा डोंगर इथे शहराच्या अगदी शेजारी आहे, मे महिन्यातही वर बर्फ दिसतो. एकदा त्याला खूप धाप लागली होती, म्हणून मी गप्प बसले, तर म्हणाला, ‘थांबलीस का? उतारावर आहोत ना आता?’ रस्ते कसे बांधलेत ते तो फार विचारायचा. मला उत्तरं यायची नाहीत, मग तोच मला सांगायचा.

नोव्हेंबरात, तू येणार होतास त्याच्या आदल्या दिवशी, त्याने मला तुझा तो फोटो दाखवायला सांगितला. दगडाचा. मी नको म्हणाले. त्याने ऐकलं नाही. चष्मा लावून कितीतरी वेळ बघत बसला. मला वाटलं आता बोलणी बसणार. तो म्हणाला, ‘हसते आहेस गं तू यात. इथे एवढी वर्षं काढलीस, पण तुझा असा हसरा फोटो माझ्याकडे एक नाही.’

मग म्हणाला, ‘मला पोचवलंस की थांबू नकोस. प्रणव आग्रह करेल. त्याचं ऐकलंस तर त्याच्यासाठी राहशील, आणि वरच्या खोलीत झुरत बसशील. मी तुला माझ्यासाठी आणलं. आता तू जा.’

दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. वाऱ्याचा त्याला गारवा हवा होता, म्हणून मी वर्तमानपत्राची घडी करून वारा घालत होते. शेवटचं बोलला ते एवढंच. ‘मधे, हात दुखला असेल, बस जरा.’ मी हात थांबवला नाही. थोड्या वेळाने कळलं की वारा घ्यायला आता तो नाही.

हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तू ट्रेनमधून धावत आलास, तुझा चेहरा बघून मी ‘शांत गेले’ एवढंच म्हणाले.

घर विकू नकोस किंवा वीक, माझ्याकडे बघून ठरवू नकोस. मला राग नाही. तू एकटा आहेस हे मात्र माझ्या मनाला लागलं. उन्हाळ्यात ये. जूनमध्ये इथे लिंडेनची झाडं फुलतात, सगळ्या रस्त्यांना गोड वास येतो. बागेतल्या म्हाताऱ्यांशी बुद्धिबळ खेळ, तुझ्या बाबांपेक्षा तू बरा खेळतोस.

आणि पत्र लिही. चुका कर, मी दुरुस्त करणार नाही. या जगात मला ‘मधे’ म्हणणारं आता कोणी उरलं नाही. रोज सकाळी मी खाली जाते आणि पत्रांची पेटी उघडते. त्याचं पत्र येणार नाही हे मला माहीत आहे. मी नर्स होते, त्याचे डोळे मीच मिटले. तरी उघडते.

तुझी,
आत्या